वीस क्रेट कडक

व्यापाऱ्याचं खरं नाव काय ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं. सगळे त्याला अंगठ्या म्हणत. दर बुधवारी आणि शनिवारी त्याची गाडी यायची. तो खाली उतरायचा, शेताच्या कडेला लावून ठेवलेल्या क्रेटमध्ये हात घालायचा, वरचा एक टोमॅटो उचलायचा आणि त्यात अंगठा दाबायचा. असा दाबायचा की टोमॅटो दगडाचा असता तरी त्याला खळी पडली असती. मग ती खळी चारचौघांना दिसेल असा तो हात वर करून म्हणायचा, "माल मऊ पडलाय." झालं, संपलं! भाव तिथल्या तिथे अर्धा.

"अहो, तुम्ही दाबलात म्हणून मऊ पडला," धाकटी एकदा न राहवून म्हणाली होती.

"गिऱ्हाईकही दाबूनच घेतं बाई. ते काय टोमॅटोचा फोटो काढून भिंतीला लावणार आहे?"

गाडीवरचे हमाल फिदीफिदी हसले. ते हसणं धाकटीच्या कानात जे बसलं ते बसलं. भांडी घासताना आठवायचं, तण काढताना आठवायचं, आणि आठवलं की खुरपं जरा जास्तच खोल जायचं.

धाकटी म्हणजे या घरातली धाकटी सून. घरात ती, तिची थोरली जाऊ, म्हातारे सासरे आणि तिचा नवरा. थोरला दीर लांबच्या कारखान्यात, वर्षातून दोनदा तोंड दाखवायचा. नवरा वीटभट्टीवाल्याचा टेम्पो चालवायचा. म्हणजे शेत दोघी बायकांच्या अंगावर, आणि अंगठ्याही त्यांच्याच नशिबी.

अशात नवऱ्याने एक बातमी आणली. मोठ्या गावातल्या इस्पितळात तो विटा टाकायला गेला होता. तिथला कोठीवाला, म्हणजे स्वयंपाकघराचा माल ठेवून घेणारा माणूस, चहा पिता पिता म्हणाला, "आमचा टोमॅटोवाला एक नंबरचा बेभरवशाचा. मऊ माल आणतो, माझ्या कोठीत पाणी सुटतं, माशा घोंघावतात. तू सोमवारी वीस क्रेट आण. पण कडक हवेत. पोपटी-गुलाबी, दाबले तर दबता कामा नयेत. आवडले, तर दर सोमवारी आणि गुरुवारी तुमचाच माल."

"दर सोमवारी आणि गुरुवारी?" धाकटीने दोनदा विचारलं.

"तेच तर सांगतोय. भट्टीवाला म्हणालाय, हे काम लागलं तर दोन्ही दिवस टेम्पो देईन. तूर्त फक्त सोमवारी देतोय."

धाकटी त्या दिवशी जेवली ती उभ्यानेच. तिला एकच दिसत होतं: बुधवारी अंगठ्याची गाडी येते, बांधाशी थांबते, आणि तिला न विचारता पुढे निघून जाते. याहून मोठं सुख तिला त्या घडीला सुचत नव्हतं.

अडचण एकच होती, पण ती चांगली म्हशीएवढी होती. ऊन असं पडलं होतं की झाडावरचा टोमॅटो उन्हाच्या बाजूने पांढरा भाजून निघत होता. झाडावर सोमवारपर्यंत ठेवावा तर लाल होऊन तडकणार. तोडून घरात ठेवावा तर पत्र्याखाली दोन दिवसांत त्याचा गाळ. बुडाशी लाली फुटायला लागली होती, म्हणजे तोडायचा तर बुधवारीच, आणि ठेवायचा पाच दिवस, कडक!

दुसरी कुणी असती तर तिने हात टेकले असते. पण मागल्या वर्षी शेतकी खात्याचा एक साहेब शाळेच्या पटांगणात येऊन गेला होता. विटांची दुहेरी भिंत, मधल्या चार बोटांच्या फटीत वाळू, वाळू सतत ओली ठेवायची, वर ओलं गोणपाट. आत भाजीपाला गार राहतो, पिकायची घाई करत नाही. गाव चहासाठी जमलं होतं आणि चहा संपल्यावर पांगलं. धाकटी तेवढी शेवटपर्यंत थांबली होती. तिने भट्टीवरच्या तुटक्या विटा आणवल्या आणि मागच्या दारी, छपराच्या सावलीत, दोघी जावांनी तीन दिवसांत तसला हौद उभा केला. वीसच्या वीस क्रेट मावतील असा. थोरलीच्या बोटांची सालटी निघाली. येणारे-जाणारे डोकावून विचारायचे, "काय गं, टोमॅटोंना माहेर बांधलंस होय?"

"हो, आणि तुम्हाला नाही बोलावणार," धाकटी म्हणायची.

आबा, म्हणजे सासरे, हे सगळं खाटेवर बसून बघत होते. त्यांचं दुःख वेगळंच होतं. आबांनी जन्मभर फळं पिकवली. चाळीस वर्षं लोकांच्या वखारींत आढ्या लावल्या: गवताचा थर, फळांचा थर, पुन्हा गवत. दारातून नुसतं नाक आत घालून सांगायचे, "तिसऱ्या थरात डावीकडे पिकलंय, काढा." लोक गाडी पाठवून न्यायला यायचे. मग पावडरी आल्या, यंत्रं आली, एका दिवसात फळ पिवळंधमक करणाऱ्या खोल्या आल्या, आणि आबांचं नाक घरी बसलं. घरी बसलेलं नाक काय असतं ते सुनांना विचारा. डाळ लागतेय, दूध नासतंय, गादीला ओल आलीय, दिवसभर हेच.

बुधवारी उजाडताच शेजारच्या मळ्यातल्या चार बायका तोडायला आल्या. पैशांची बोली नव्हती. शुक्रवारी दोघी जावांनी त्यांच्या शेतात दिवस भरायचा, असं ठरलं होतं. धाकटीने प्रत्येकीच्या मागे लागून दाखवलं, "बुडाशी नुसती लाली फुटलेलाच घ्या. ओढू नका गं, देठ वळवा. आणि टाकू नका, ठेवा. अंडं ठेवता तसा ठेवा."

"अंड्यालाही इतकं जपलं नाही कधी," एकजण पुटपुटली.

दहा वाजेपर्यंत सगळ्यांचे हात झाडांच्या चिकाने हिरवे-काळे झाले. पाठी भाजून निघाल्या. घाम डोळ्यांत उतरला तरी पुसायची सोय नाही, कारण चिकाचा हात डोळ्याला लागला की आग. धाकटीने एकेक टोमॅटो फडक्याने पुसून बघितला. ज्याला चीर, ज्याला ओरखडा, तो बाजूला. एक नासका निघाला तर शेजारचे चार नासवतो, मग ते चार सोळांना; हे साहेबाने सांगितलं होतं आणि ते सांगायला साहेब लागत नव्हता.

अंगठ्याची गाडी नेहमीच्या वेळी आली.

"आज माल नाही," धाकटी म्हणाली.

"मग हे वीस क्रेट काय आहेत?"

"हे घरचे पाहुणे आहेत."

अंगठ्याने क्रेटकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, अंगठा पँटला पुसला आणि गाडीत बसला. धाकटीला इतकं बरं वाटलं की तिने दुपारचा चहा दोनदा केला. मग वीसही क्रेट हौदात रचले.

खरा छळ गुरुवारपासून. वाळू म्हणजे काय भरणारं भांडं आहे? सकाळी ओतलेलं पाणी उन्हं चढेपर्यंत कुठल्या कुठे जायचं. विहिरीवरून बादल्या, बादल्यांतून झारी, झारीने भिंतीच्या फटीत, मग गोणपाटावर, मग पुन्हा विहीर. थोरलीच्या खांद्यातून कळ यायला लागली. पण गोणपाट उचलून आत हात घातला की गारवा असा लागायचा, की दोघी क्षणभर तिथेच वाकून तोंडावर घ्यायच्या.

"आपणच बसू या का गं आत?" थोरली म्हणाली.

"तुम्ही पिकलात तरी कोण विचारतंय, ताई? बसा."

संध्याकाळी धाकटी आबांजवळ गेली. "आबा, उद्या आम्ही दोघी शेजारच्या मळ्यात. परतफेडीचा दिवस आहे, चुकवता येत नाही. हौदाला पाणी तुम्ही घालायचं. तास-दोन तासांनी. झारी भरून ठेवते. दुसरं काहीएक करायचं नाही."

"जन्मभर फळं पिकवली," आबा म्हणाले, "आता पिकू नयेत म्हणून पाणी घालू? हे म्हणजे पोर वाढू नये म्हणून दूध पाजण्यातला प्रकार."

"असू दे प्रकार. पाणी घाला म्हणजे झालं."

शुक्रवारी आबांनी पाणी घातलं. त्यात कसूर केली नाही. झारी रिकामी ठेवली नाही. पण दुपारी गोणपाट ओलं करताना त्यांनी ते उचललं आणि आत बघितलं. तिसरा दिवस, आणि टोमॅटो अजून पोपटीच! बुडाशी होती तेवढीच लाली. पोरीने तीन दिवस विटा वाहिल्या, पाणी वाहिलं, आणि सोमवारी ही कच्ची फळं घेऊन ती इस्पितळात जाणार. लोक हसतील. थंडीने फळ गोठलंय, आता ते कधीच पिकणार नाही. असली फळं आबांनी हिवाळ्यात कितीतरी बघितली होती, आणि त्यावरचा उपाय चाळीस वर्षं त्यांच्या हातात होता. आढीत एक पिकलेलं फळ ठेवायचं. दुधाला विरजण लागतं, तसं फळाला पिकलेल्याची संगत लागते. न्हाणीघरामागच्या केळीचा घड उतरवून आठ दिवस झाले होते, त्याच्या सालीवर काळे ठिपके आले होते, वास दारापर्यंत येत होता. आबांनी चार फण्या नेल्या, हौदाच्या चार कोपऱ्यांत एकेक बसवली, गोणपाट नीट ओढून घेतलं, कडेला विटा ठेवल्या आणि बऱ्याच दिवसांनी स्वतःवर खूश होऊन झोप काढली.

संध्याकाळी दोघी मोडून आल्या. धाकटीने भिंतीला हात लावला, वाळू ओली लागली. "आबा, झकास," ती म्हणाली आणि तशीच आडवी झाली.

शनिवारी सकाळी तिने गोणपाट उचललं, तर आतून गोड, जड असा केळ्यांचा वास आला. कोपऱ्यांतले क्रेट लालसर झाले होते. कोपऱ्यांपासून मध्याकडे रंग चढत चालला होता, अगदी बघता बघता चढतोय असं वाटावं असा. धाकटीने केळ्यांची एक फणी बाहेर काढली आणि ती हातात धरून अंगणात उभी राहिली.

"आबा, हे काय?"

"केळी," आबा खाटेवरून म्हणाले.

"केळी दिसतायत मला! आत काय करत होती?"

"विरजण. माल गोठला होता पोरी. कच्चाच राहिला असता. आता बघ, सोमवारपर्यंत कसा रंग…"

"मला रंग नको होता!" धाकटी ओरडली. "कडक हवे होते! कडक, कडक, कडक! दहा वेळा सांगितलं या घरात! भिंतींना पाठ झालं असेल! तुम्हाला एक काम सांगितलं होतं आबा, एक! पाणी घाला. दुसरं काही करू नका. ते 'दुसरं काही नाही' तेवढंच नेमकं कसं ऐकू आलं नाही?"

"धाकटे, आवाज," थोरली म्हणाली.

"आवाज काय आवाज! हात सोलून निघाले आपले, ताई!" आणि तिने बादलीला लाथ मारली. बादली रिकामीच होती. ती अंगणभर गडगडत गेली, आणि तिच्याच पायाच्या अंगठ्याचं नख फुटलं. तेवढंच बाकी होतं.

मग रडायलाही सवड नव्हती. वीसच्या वीस क्रेट बाहेर काढायचे, ओसरीत चादरींवर पसरायचे, वारा लागू द्यायचा, आणि एकेक टोमॅटो हातात घेऊन ठरवायचं: हा थांबेल, हा थांबणार नाही. दोघी जावा गुडघे दुखेपर्यंत बसल्या. आबा खाटेवरून उतरले, चादरीच्या कडेला उकिडवे बसले आणि एक टोमॅटो उचलून नाकाशी नेला.

"हात लावू नका," धाकटी वर न बघता म्हणाली.

आबांनी तो टोमॅटो होता तिथे ठेवला. दोन्ही हात काखेत घातले. मग उठून गेले.

बारा क्रेट कडक निघाले. आठ गेले. गेले म्हणजे नासले नव्हते. चांगले भरलेले, लालसर, दोन दिवसांत ऐन पिकतील असे. पण कडक म्हणजे कडक. दुपारी अंगठ्याची गाडी आली तेव्हा धाकटी स्वतः आठ क्रेट घेऊन बांधावर उभी होती. आपण होऊन. याहून वाईट काय असतं?

"पाहुणे निघाले वाटतं?" अंगठ्या म्हणाला.

तिने दात आवळले. अंगठ्याने एक टोमॅटो उचलला, अंगठा दाबला, आणि त्याला काही म्हणावं लागलंच नाही. ती म्हणाली, "घ्या. काय द्यायचं ते द्या." त्याने जे दिलं ते न बघता तिने पदराला बांधलं. "उद्या बाजार बंद," तो हमालांना म्हणाला, "सोमवारी लावू. तोवर असा पिकतो बघा, की गिऱ्हाईक रांग लावील."

रविवार उजाडला. धाकटी तासातासाला पाणी घालत होती, गोणपाटाची एक कड वर ठेवत होती, वास घेत होती. आबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. सकाळचं ताट तसंच परत आलं, संध्याकाळचंही.

"कालपासून पोटात काही नाही त्यांच्या," थोरली म्हणाली.

"मग मी काय करू? भरवू?" धाकटी म्हणाली. तिला राग आबांचा होता, आणि ते उपाशी होते याचाही होता. म्हाताऱ्या माणसावर धड रागावताही येत नाही. पाच मिनिटांत अपराध त्यांचा राहत नाही, आपला होऊन बसतो.

सोमवारी सकाळी टेम्पो आला. बारा क्रेट चढले. धाकटी नवऱ्याशेजारी बसली. वाटेत त्याने एकदाच तोंड उघडलं. "आठ कमी आहेत ते कसं सांगायचं?"

"मी सांगते. तुम्ही गाडी चालवा."

इस्पितळाचं स्वयंपाकघर मागच्या बाजूला होतं. हंडे माणूस बसेल एवढे. वाफेने भिंती घामेजलेल्या. कोठीवाला बाहेर आला, त्याने एक टोमॅटो दाबला, दुसरा दाबला, तिसरा जमिनीवर टाकून बघितला. टोमॅटो टप्पा खाऊन बाजूला गेला.

"वा!" तो म्हणाला. "असा माल पाहिजे. पण वीस म्हणालो होतो."

"पुढच्या वेळेपासून वीसच येतील, साहेब. या वेळी घरात जरा…"

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत आतून मुख्य आचारीण आली. भक्कम बाई, खांद्यावर टॉवेल, हातात हाताएवढा डाव. तिने क्रेटकडे बघितलं.

"हे काय आहे?"

"टोमॅटो," कोठीवाला म्हणाला.

"हे टोमॅटो? हे कुणाच्या डोक्यात मारायचेत? बारा वाजता चारशे माणसांना सूप द्यायचंय मला. हे शिजवायला घेतले तर गॅस संपेल, मी संपेन, हे शिजणार नाहीत. लाल कुठे आहेत?"

"कडक मी सांगितले," कोठीवाला म्हणाला. "मऊ आणले की माझ्या कोठीत सडतात."

"तुझ्या कोठीत सडतात ते तू चार दिवसांचे एकदम कोंबतोस म्हणून! लोकांनी तुझी कोठी खायची आहे का सूप प्यायचंय?"

"जरा जपून बोला हं बाई, हिशेब मला द्यावा लागतो…"

"आणि ताट मला द्यावं लागतं!"

ते दोघं भांडत राहिले. हे भांडण आजचं नव्हतं, ते या स्वयंपाकघराएवढंच जुनं असावं. धाकटी मधे उभी राहून मनात दिवस मोजत होती. पाच दिवस! वाळू, झारी, गोणपाट, फुटलेलं नख. खाणार काय, शिजवणार काय, हे तिने कुणालाच विचारलं नव्हतं.

आचारीण तिच्याकडे वळली. आवाज जरा खाली आला. "हे बारा राहू देत. बुधवारपर्यंत पिकतील, तेव्हा वापरीन. माल वाईट नाही तुझा. पण आज मला सात-आठ क्रेट पिकलेले पाहिजेत. नाहीत तुझ्याकडे?"

"होते," धाकटी म्हणाली.

"मग?"

"विकले."

आचारिणीने तिच्याकडे असं बघितलं, जसं माणूस पावसात कपडे वाळत घालणाऱ्याकडे बघतं. "दहाच्या आत आणलेस तर कागदावर सही करते. सोमवार-गुरुवार तुझाच माल. नाहीतर जुन्याला फोन लावते. तो मेला मऊ आणतो, पण आणतो तरी."

नवऱ्याने टेम्पो बाजारात कसा घातला ते त्यालाच ठाऊक. अंगठ्याचा गाळा लांबूनच दिसला. दर्शनी भागात तिचे टोमॅटो रचलेले होते. कसले दिसत होते! लालबुंद, भरलेले, तकतकीत, एकावर एक मनोऱ्यासारखे. धाकटीला स्वतःच्या पोरांना दुसऱ्याच्या दारात खेळताना बघावं तसं झालं.

"अरे, या या!" अंगठ्या उठून उभाच राहिला. "आज कसं काय येणं केलंत?"

"टोमॅटो हवेत. आठ क्रेट."

अंगठ्याच्या चेहऱ्यावर हसू आलं ते कुठूनतरी पोटातून, सावकाश, पायरी पायरीने वर आलं. "घ्या ना. माल एकदम खात्रीचा आहे. घरचा आहे."

त्याने भाव सांगितला. नवरा म्हणाला, "अहो, परवा तुम्ही आमच्याकडून…"

"परवा कच्चा होता दादा. दोन दिवस सांभाळलाय मी."

धाकटीने एक टोमॅटो उचलला आणि त्यात अंगठा दाबला. "मऊ पडलाय," ती म्हणाली.

"मऊच हवाय ना तुम्हाला?" अंगठ्या गोड आवाजात म्हणाला.

शनिवारी पदराला बांधलेले पैसे सगळे सुटले, नवऱ्याच्या खिशातले डिझेलचे गेले, तेव्हा आठ क्रेट टेम्पोत चढले. हमाल ओळखीचे होते. ते या वेळी हसले नाहीत, आणि ते तिला हसण्यापेक्षा जास्त लागलं.

दहाला दहा मिनिटं असताना आचारिणीने कागदावर सही केली. सोमवारी आणि गुरुवारी वीस-वीस क्रेट, निम्मे त्याच दिवशी शिजवायचे पिकलेले, निम्मे कडक. कोठीवाल्यानेही सही केली, तोंड पाडून. धाकटीने कागद चार घड्या करून पोलक्यात ठेवला. जे हवं होतं ते मिळालं होतं.

परतीच्या वाटेवर नवरा हसू दाबत होता. "हसू नका," ती म्हणाली.

"कुठे हसतोय?"

"खांदे हलतायत तुमचे."

घरी आबा ओसरीच्या पायरीवर बसले होते. आंघोळ नाही, गालावर पांढरे खुंट. टेम्पोचा आवाज ऐकून ते भिंतीला धरून उभे राहिले. नवरा उतरायच्या आत धाकटी उतरली.

"घेतला का माल?" आबांनी विचारलं. आवाज फाटका येत होता. "माझ्यामुळे किती वाया गेला तेवढं सांग. खोटं सांगू नको."

तिला खोटं सांगता आलं असतं. 'सगळं ठीक झालं' म्हणून ती आत गेली असती तर कुणी अडवणार नव्हतं. ती पायरीपाशी थांबली.

"काही वाया गेला नाही, आबा. त्यांना पिकलेलेच हवे होते. आजच्या आज शिजवायला. ते आठ मी अंगठ्याला दिले होते ना, ते त्याच्याकडून विकत घेऊन दिले."

"विकत?"

"हो."

"आपलेच?"

"हो, आपलेच! आता किती वेळा बोलायला लावता?"

आबांनी तिच्याकडे बघितलं. धाकटीला वाटलं, म्हातारा आता हसणार, किंवा रडणार. आबा भडकले. दोन दिवस उपाशी असलेल्या माणसात एवढा आवाज कुठून येतो कोण जाणे.

"आणि मी दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडलो! घास घशाखाली उतरला नाही माझ्या! हात लावू नका म्हणालीस मला, फळाला! मला!" "चाळीस वर्षं आढ्या लावल्या पोरी. गाडीवाला न्यायला आला की मी गाडीत बसायच्या आधी त्याला एकच विचारायचो. फळ कुठलं ते नाही, किती ते नाही. खायचं कधी? लग्न परवा आहे तर गवत इतकं, आठ दिवसांनी आहे तर तितकं. खायचं कधी ते ठाऊक नसेल तर ते पिकवायचंही नसतं आणि थांबवायचंही नसतं. कडक हवेत म्हणे! कडक कशासाठी, कधीपर्यंत, कुणाच्या तोंडात जाणार, काही नाही. विटा रचत सुटलीस!"

थोरली दारात येऊन उभी राहिली. धाकटे, उलट बोलू नको, असं ती डोळ्यांनी सांगत होती. त्याची गरज नव्हती. धाकटी फुटलेल्या नखाकडे बघत होती.

आबा दमून पायरीवर बसले. मग हात पुढे करून म्हणाले, "कागद दे बघू."

तिने कागद काढून दिला. आबांनी तो लांब धरून वाचला, ओठ हलवत, दोनदा.

"गुरुवारी दहा क्रेट पिकलेले," ते म्हणाले. "म्हणजे आजच तोडायला हवेत. बरं. गुरुवारी कधी खायचेत? सकाळच्या जेवणाला की संध्याकाळच्या?"

धाकटीने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने तिच्याकडे बघितलं.

"सांग की," आबा म्हणाले.

"ते नाही विचारलं," धाकटी म्हणाली.

नवऱ्याने खाली टाकलेला पाय पुन्हा वर घेतला आणि टेम्पो पुन्हा इस्पितळाकडे वळवला.